संगीतशब्दांना अर्थ देणारे चतुरपंडित : पं. विष्णु नारायण भातखंडे

भजनाला बसणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या कानी स्वर, थाट, राग, वादी, संवादी हे शब्द कधी ना कधी पडतात. फतेगंजातील आपणा सर्वांचाही तोच अनुभव असेल. या शब्दांना आज जो निश्चित अर्थ आहे, तो ज्यांच्या आयुष्यभराच्या तपश्चर्येचे फळ आहे, त्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा हा अल्प परिचय.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. सतारीचे शिक्षण त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे, तर धृपदाचे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडे घेतले. १८८७ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. पुढे १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या कन्येचे निधन झाले. या दुःखानंतर त्यांनी आपले उर्वरित आयुष्य संगीतशास्त्राला वाहिले.

त्या काळी विद्या घराण्याघराण्यांत जपली जात असे. एकाच नावाचा राग दोन गवई निरनिराळ्या तऱ्हेने गात. प्राचीन संस्कृत ग्रंथांतील व्याख्या आणि प्रत्यक्ष गायन यांचा मेळ बसत नसे. म्हणून पंडितजी स्वतः प्रवासास निघाले. १९०४ मध्ये दक्षिणेत व्यंकटमखींच्या ७२ मेळांची पद्धती त्यांनी अभ्यासली. नंतर कलकत्ता, काशी, लखनौ, जयपूर, उदयपूर अशा ठिकाणी ते गेले. रामपूरच्या वजीर खाँ यांच्यासारख्या उस्तादांपुढे ते विद्यार्थी म्हणून बसले.

१९१० मध्ये ‘चतुरपंडित’ या नावाने त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. या नावातच त्यांची दृष्टी दिसते. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायन-वादन व लक्षण म्हणजे त्याची व्याख्या. लक्ष्य बदलले, तर लक्षणही नव्याने सांगितले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सामान्य जिज्ञासूंसाठी त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने, चार भागांत लिहिला.

त्यांच्या पद्धतीत सप्तकातील स्वर १२ आहेत : ७ शुद्ध, ४ कोमल (रे, ग, ध, नी) व १ तीव्र (म). यांतून क्रमाने ७ स्वर घेऊन जी चौकट बनते तो थाट. थाट गायचा नसतो, त्यातून राग उपजतात. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे ते १० थाट होत. चढता स्वरक्रम तो आरोह, उतरता तो अवरोह. रागात ५ स्वर असल्यास तो औडव, ६ असल्यास षाडव, ७ असल्यास संपूर्ण. रागातील प्रमुख स्वर वादी, त्याला साथ देणारा संवादी.

या संज्ञांचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानात येईल. भूप व देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच ५ स्वर आहेत. परंतु भूपात वादी गंधार व संवादी धैवत, देशकारात नेमके उलट. भूप सायंकाळचा व कल्याण थाटाचा, देशकार सकाळचा व बिलावल थाटाचा. स्वर तेच असूनही राग दोन का, याचे उत्तर वादी या एका शब्दात सापडते.

या कार्याचा बडोद्याशी जवळचा संबंध आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू केली होती. सूरसागराकाठची विद्यापीठाची संगीत विद्याशाखा हा तिचाच वारसा आहे. याच नगरीत मार्च १९१६ मध्ये, महाराजांच्या आश्रयाखाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडितजी तिचे प्रमुख सूत्रधार होते. गवई आणि शास्त्री येथे एकत्र बसले, स्वर-श्रुतींवर वाद झाले. सर्व मतभेद मिटले नाहीत, परंतु विद्येची चर्चा उघड सभेत होऊ शकते हे सिद्ध झाले. पुढील परिषदा दिल्ली, काशी व लखनौ येथे झाल्या. पंडितजींचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनीही बडोद्यातच उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतली.

१९१८ मध्ये ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौचे मॉरिस कॉलेज पंडितजींच्या प्रयत्नांतून उभे राहिले. उस्तादांकडून मिळवलेल्या अठराशेहून अधिक चिजा त्यांनी स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. १० थाटांत काही राग नीट बसत नाहीत, असा आक्षेप विद्वानांनी घेतला आहे व तो रास्तही आहे. तरीही हा आक्षेप त्यांनीच स्थिर केलेल्या शब्दांत मांडावा लागतो, यातच त्यांच्या कार्याचे मोल आहे.

१९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीस, मुंबईत त्यांनी देह ठेवला. यापुढे भजनात एखादा राग ओळखीचा वाटला, तर त्याचा थाट कोणता व वादी कोणता, एवढे आपण अवश्य विचारावे. तेच या चतुरपंडितांना खरे अभिवादन ठरेल.