डॉ. स्पॉक आणि पॉटीची घाई

मूल दीड वर्षाचं झालं की घरात एक विषय हमखास निघतो. शी-शूची सवय कधी लावायची? शेजारचं बाळ म्हणे वर्षाचं असतानाच सांगायला लागलं. आजीच्या मते त्यांच्या वेळी मुलं याहूनही लवकर शिकायची. प्लेग्रुपमध्ये डायपर चालणार नाही, असं आधीच बजावलेलं असतं. चहूबाजूंनी येणाऱ्या या दडपणात आपल्या मुलाला आज नेमकं काय जमतं, हे पाहायचं तेवढं राहून जातं. विसाव्या शतकातल्या आईवडिलांना ते पाहायला ज्यांनी शिकवलं, त्यांत डॉ. बेंजामिन स्पॉक हे सर्वांत गाजलेलं नाव. या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं लाखो घरांमधली घाई थांबवली आणि पुढे स्वतःच्याच सल्ल्यात दुरुस्तीही केली. मूल तयार झालं हे कसं ओळखायचं, याचं उत्तर त्यांच्या या दोन्ही टप्प्यांत मिळून सापडतं.

स्पॉक यांचा जन्म २ मे १९०३ रोजी अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात झाला. वडील रेल्वे कंपनीचे वकील होते. सहा भावंडांत बेंजामिन थोरले, त्यामुळे धाकट्यांना बाटलीनं दूध पाजणं, त्यांचे लंगोट बदलणं ही कामं लहानपणीच अंगवळणी पडली. आई मिल्ड्रेड मुलांवर जीव टाकणारी, पण शिस्तीची कडक. मोकळ्या हवेवर तिचा एवढा विश्वास की, ऐन थंडीतही मुलांना उघड्या व्हरांड्यात झोपावं लागे. बालसंगोपनात तिचा भरवसा होता तो डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांच्यावर. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलचे हे प्रमुख डॉक्टर आणि त्यांचं १८९४ साली निघालेलं छोटं पुस्तक तेव्हाच्या सुशिक्षित अमेरिकी घरांत प्रमाण मानलं जाई. दूध घड्याळाप्रमाणे, झोप घड्याळाप्रमाणे आणि शीसुद्धा घड्याळाप्रमाणे. बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच त्याला ठरावीक वेळी भांड्यावर धरायला सुरुवात करावी, असा त्यांचा सल्ला होता. अमेरिकी सरकारनं १९१४ पासून मातांसाठी काढलेल्या पुस्तिकेचा सूरही असाच होता.

ही घाई निष्कारण नव्हती. घरोघरी धुलाईयंत्रं नव्हती, कापडी लंगोटांचा ढीग हातानं धुवावा लागे. जुलाबानं दगावणारी बाळं पुष्कळ असत, त्यामुळे स्वच्छतेचा धाक मोठा होता. शिवाय, सवयी जितक्या लवकर लागतील तितकं चारित्र्य घट्ट होतं, अशी समजूत होती.

पण तीन महिन्यांचं बाळ खरंच काय शिकत होतं? पोटात दूध गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. आईनं ती वेळ अचूक हेरली की शी भांड्यात होते. आपल्याकडेही आजी बाळाला पायांवर धरून तोंडानं शू-शू असा आवाज करते, तेव्हा हेच होतं. त्यात जबरदस्ती नसेल तर वाईट काही नाही, कपडे वाचतात आणि बाळालाही बरं वाटतं. मात्र तिथं वेळ ओळखते ती आजी. बाळाचा स्वतःचा ताबा अजून यायचा असतो.

तो ताबा यायला बरंच काही जुळून यावं लागतं. मूत्राशय भरल्याची किंवा शी आल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचली पाहिजे. बाहेरच्या बाजूचा स्नायू इच्छेनं आवळता आणि सैल सोडता आला पाहिजे. मग मोठ्या माणसाला सांगणं, चालत जाणं, चड्डी खाली करणं, बसणं आणि तिथं अंग सैल सोडणं. यातलं शेवटचं काम धाकानं होत नाही. धाकानं स्नायू आवळलेच जातात. मज्जासंस्थेची एवढी वाढ साधारण दीड वर्षाच्या सुमारास होऊ लागते, आणि प्रत्येक मुलात ती वेगळ्या गतीनं होते.

न्यूयॉर्कच्या त्याच बेबीज हॉस्पिटलमध्ये मर्टल मॅग्रॉ या संशोधिकेनं पुढे याची साधी, पण मार्मिक परीक्षा घेतली. जुळ्या भावांपैकी एकाला अगदी तान्हेपणापासून नेमानं भांड्यावर बसवलं, दुसऱ्याला बऱ्याच उशिरा. १९४० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, उशिरा सुरुवात केलेला भाऊ पाहता पाहता पहिल्याच्या बरोबरीला आला. आधीचे कित्येक महिने केलेल्या खटाटोपाचा फायदा दिसला नाही.

स्पॉक तोवर याच शहरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. येल विद्यापीठात शिकत असताना ते नौकानयनात चमकले होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या ज्या संघानं सुवर्णपदक मिळवलं, त्यात ते होते. पुढे १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. ऐन मंदीत, १९३३ साली त्यांनी दवाखाना थाटला. मुलांच्या शरीराबरोबर मनही कळायला हवं म्हणून त्यांनी मनोविश्लेषणाचंही शिक्षण घेतलं. तेव्हाच्या बालरोगतज्ज्ञांत हे अगदी विरळ होतं.

इथंच ते अडचणीत सापडले. शौचाच्या बाबतीत बळजबरी केली तर मूल हट्टी, भित्रं किंवा कमालीचं टापटिपीचं होतं, असं मनोविश्लेषक सांगत. मग आयांनी नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नसे. दवाखान्यात आया रोज तोच प्रश्न विचारत. स्पॉक यांनी त्यांनाच विचारायला सुरुवात केली. तुम्ही काय करून पाहिलं? मुलानं काय केलं? उपदेश करण्याआधी ऐकून घेण्याची ही सवय पुढे त्यांच्या पुस्तकाचा पाया ठरली.

ते पुस्तक १९४६ साली आलं. रात्री स्पॉक तोंडी मजकूर सांगत आणि पत्नी जेन टंकलेखन करत, माहिती तपासत. या कष्टांचं पुरेसं श्रेय मिळालं नाही, अशी खंत जेन यांनी पुढे व्यक्त केली. स्वस्त आवृत्तीची किंमत २५ सेंट होती. आईवडिलांनी स्वतःवर विश्वास ठेवावा, त्यांना वाटतं त्याहून त्यांना जास्त कळतं, हा त्याचा मुख्य धागा. शी-शूच्या बाबतीत त्यांनी होल्ट यांचं घड्याळ बाजूला सारलं आणि ही गोष्ट बव्हंशी मुलावर सोडायला सांगितलं. एका पिढीला यामुळे मोठाच दिलासा मिळाला. स्पॉक यांच्या हयातीत पुस्तकाच्या सुमारे ५ कोटी प्रती खपल्या.

मग एक वेगळीच तक्रार कानावर येऊ लागली. तीन वर्षांची मुलं भांड्याकडे पाहायलाही तयार नसत आणि आईवडील बोलायलाही घाबरत. आपण काही म्हटलं तर मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उठेल, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. कधी गोंजारायचं, कधी रागवायचं, मग अपराधी वाटून सोडून द्यायचं. अशा वागण्यातून आपल्याकडून काय अपेक्षा आहे, हे मुलाला कळतच नसे. १९५७ च्या सुधारित आवृत्तीत स्पॉक यांनी सूर बदलला आणि आईवडिलांनी ठामही राहायला हवं, यावर भर दिला. क्लीव्हलँड इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी मेरी बर्गन यांच्यासह १९६४ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. शौचाच्या सवयीवरून मुलाशी खटका उडण्याची आईवडिलांना वाटणारी भीती, हाच त्याचा विषय होता.

त्याच सुमारास बोस्टनजवळच्या डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी मधला रस्ता आखून दिला. मुलात तयारीची लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं, पण दिसली की पायरीपायरीनं पुढे न्यायचं. आधी कपड्यांसह खुर्चीवर बसवायचं, मग कपड्यांविना, मग हळूहळू खऱ्या कामासाठी. त्यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या दवाखान्यातल्या १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या पद्धतीनं मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी २८.५ महिन्यांची असताना, आणि रात्रीसुद्धा कोरडी राहू लागली ती सरासरी ३३.३ महिन्यांची असताना. ही सरासरी आहे, शेवटची तारीख नव्हे. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या पॅम्पर्ससारख्या वापरून फेकायच्या डायपरनीही आयांची घाई कमी केली.

तेव्हा पाहायचं काय? मूल दिवसा दोनेक तास कोरडं राहतं का, दुपारच्या झोपेतून कोरडं उठतं का. शीची वेळ साधारण ठरलेली आहे का. शी येताना ते खेळ थांबवतं, पडद्यामागे जातं, चेहरा वेगळा करतं का. म्हणजे त्याला आतून कळू लागलं आहे. ओला डायपर नकोसा वाटतो का. चेंडू आणून दे, यासारखी साधी सूचना ते पाळतं का. चड्डी वर-खाली करायचा प्रयत्न करतं का. मोठी माणसं संडासात काय करतात, याचं त्याला कुतूहल आहे का. यातली बरीच लक्षणं दिसू लागली की सुरुवात करावी. बहुतेक मुलांत ती दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसतात.

सुरुवात म्हणजे पाय जमिनीला टेकतील अशी छोटी खुर्ची, खाण्यानंतर काही मिनिटं शांतपणे बसणं आणि जमलं तर दोन शब्द कौतुकाचे. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उठू द्यावं. चड्डीत झालं तर न बोलता बदलावं. घरात नवं बाळ आलं असेल, घर बदललं असेल किंवा मूल आजारातून उठलं असेल, तर महिनाभर थांबायला हरकत नाही. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्यावर उपचार हवा. एकदा शी करताना दुखलं की मूल ती रोखून धरतं, रोखल्यानं ती आणखी कडक होते आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. रात्रीचा ताबा दिवसाच्या मागून येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचं आहे. मात्र, पाचनंतरही ते चालू असेल, किंवा एकदा जमलेलं पुन्हा बिघडलं, लघवीला जळजळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

स्पॉक यांचं पुढचं आयुष्य वादळी ठरलं. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. सक्तीची लष्करी भरती टाळायला तरुणांना चिथावणी दिल्याच्या खटल्यात १९६८ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ती १९६९ मध्ये वरच्या न्यायालयानं रद्द केली. १९७२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढले. त्यांच्याच लाडावलेल्या सल्ल्यामुळे एक पिढी बेशिस्त झाली, असा आरोप विरोधकांनी केला. पुस्तकाची मूळ पानं आणि दुरुस्त पानं शेजारी ठेवून पाहिली, तर हा आरोप टिकत नाही.

त्यांची एक चूक मात्र गंभीर होती. उलटी झाली तर घशात अडकेल, या भीतीपोटी बाळांना पालथं झोपवा, असं त्यांनी १९५० च्या दशकापासून लिहिलं. तो केवळ तर्क होता. पालथं झोपवल्यानं तान्ह्या बाळांच्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे पुढे सिद्ध झालं आणि आज जगभर बाळाला पाठीवर झोपवायला सांगतात. कितीही मोठ्या डॉक्टरचा सल्ला पुराव्यावर घासून पाहायला हवा, हे यातून कळतं.

१५ मार्च १९९८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी कॅलिफोर्नियात स्पॉक यांचं निधन झालं. त्यांच्या आईच्या हाती घड्याळ होतं; त्यांच्या पहिल्या वाचकांनी ते टाकलं, पण त्याबरोबर मुलाचं बोटही सोडलं. शी-शूच्या सवयीसाठी तयारी दोघांची लागते. मुलाच्या शरीराची, आणि चार ओल्या चड्ड्या शांतपणे धुण्याची घरच्यांची. यातली पहिली आपल्या हातात नाही, तिची वाट पाहायची. दुसरीची सुरुवात मात्र आजपासून करता येते.