आलेक्सी कारेल

२४ जून १८९४ ची रात्र. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिआँ शहरी आले होते. त्यांची घोडागाडी चालली असता एका तरुणाने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला चिरली गेली. नामांकित शल्यवैद्य धावून आले. परंतु अशी रक्तवाहिनी शिवण्याची खात्रीची रीत त्या काळी नव्हती. काही तासांतच राष्ट्राध्यक्षांनी प्राण सोडला.

त्याच शहरी वैद्यक शिकणाऱ्या आलेक्सी कारेल यांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. त्यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी लिआँजवळच झाला होता. लिआँ हे रेशमाचे शहर. कारेल तेथील एका निष्णात बाईंकडे गेले व बारीक सुईने कशिदा काढण्यास शिकले. पुरुषासारख्या पुरुषाने भरतकाम शिकावे, याचे कित्येकांना हसूही आले असेल!

रक्तवाहिनीचे तोंड गोल व मऊ असते. ती शिवताना आकसते. शिवाय टाका आत डोकावला, की तेथे रक्त गोठते. कारेल यांनी दोन्ही तोंडे भिडवून सारख्या अंतरावर तीन टाके घातले व ते तीन दिशांना ताणले. गोलाचा त्रिकोण झाला. मग सरळ कडा शिवणे ते काय अवघड? १९०२ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

१९०४ साली ते मायदेश सोडून गेले व पुढे अमेरिकेत प्रयोग करू लागले. मूत्रपिंडे रक्तातील दूषित द्रव्ये गाळतात. त्या काळी ती निकामी झाली, की माणूस दगावत असे. तेव्हा दुसऱ्याचे मूत्रपिंड जोडता येईल काय? कारेल यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड काढून त्याच्याच अंगी पुन्हा जोडले, तर ते उत्तम चाले; दुसऱ्या कुत्र्याचे जोडले, तर ते लवकरच निकामी होई. टाके पक्के होते, परंतु शरीर परक्याचा अवयव स्वीकारीत नव्हते. त्यावर कारेल यांना उपाय सापडला नाही. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्यात त्यांनी दुर्बलांविषयी निष्ठुर विचार मांडले. ते वैद्याला शोभणारे नव्हते. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

पुढे १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड जोडले. भाऊ हुबेहूब सारखे. म्हणून शरीराने ते परके मानले नाही. शिवलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त वाहू लागले, आणि तो तरुण आणखी आठ वर्षे जगला.