तीन डर्बी जिंकणारा मर्फी

सचिन भारी की विराट, हा वाद कट्ट्यावर कधी मिटत नाही. घोड्यांच्या शर्यतींतही तसंच आहे. अमेरिकेच्या बिल शूमेकरने ८,८३३ शर्यती जिंकल्या, म्हणजे तोच सगळ्यांत भारी जॉकी? जरा थांबा. त्यासाठी तो ४० हजारांहून जास्त शर्यतींत उतरला. म्हणजे शंभरात साधारण २२ विजय. त्याच्या कितीतरी आधीच्या आयझॅक मर्फीचं प्रमाण त्याच्या स्वतःच्या हिशेबाने शंभरात ४४ होतं. अभ्यासकांनी नंतर जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ते ३४ च्या आसपास आलं. तरी मर्फी पुढेच!

त्याचा जन्म १८६१ चा, केंटकी राज्यातला. तिथे तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत गेले, ते परतलेच नाहीत. आडनाव बर्न्स, पण आईच्या इच्छेखातर त्याने आजोबांचं मर्फी हे नाव लावलं.

घोड्यांची निगा आणि रपेट तेव्हा मुख्यतः कृष्णवर्णीयांच्याच हाती असायची. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीतले १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. मर्फीने ही डर्बी १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा मारली. घोड्याचा दम राखायचा आणि अगदी शेवटी जेमतेम पुढे काढायचा, ही त्याची खासियत. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या शीप्सहेड बे ट्रॅकवर त्याने सॅल्व्हेटरला असंच टेनीच्या थोडंसं पुढे नेलं.

त्याच उन्हाळ्यात मॉनमथ पार्कला त्याचा घोडा शेवटचा आला. मर्फीला खोगिरावर धड बसवत नव्हतं. वजन उतरवण्यासाठी तो वर्षानुवर्षं उपाशी राहायचा, पण पेपरांनी त्याला दारुडा ठरवलं. निलंबनही झालं. पुढच्या मे महिन्यात त्याने पुन्हा डर्बी जिंकून दाखवली, पण हळूहळू चांगले घोडे मिळेनासे झाले. १८९६ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, तो गेला.

पुढे गोऱ्या जॉकींनी ट्रॅकवर कोंडी केली, मालकांनी हात आखडते घेतले आणि कृष्णवर्णीय जॉकी दिसेनासे झाले. एडी अर्कारोने १९४८ मध्ये चौथी डर्बी जिंकून मर्फीला मागे टाकलं, तेव्हा मैदानात एकही कृष्णवर्णीय जॉकी नव्हता. १९२१ नंतर तो दिसला थेट २००० मध्ये.

तेव्हा दोन काळांतले जॉकी तोलताना विजय मोजा, टक्केही काढा. पण शर्यतीत उतरायला कोणाला मिळालं आणि कोणाला नाही, तेही बघा.