आक्षेपातून उमटलेला नकाशा

जीवरसायनशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर प्रथिनांच्या प्रकरणात एक चौकोनी आकृती हमखास आढळते. आडव्या अक्षावर एक कोन, उभ्या अक्षावर दुसरा कोन आणि मध्ये बेटांसारखे दोन-तीन लहानमोठे पुंजके. बाकीचा सारा चौकोन जवळजवळ रिकामा. जगभरचे संशोधक या आकृतीला रामचंद्रन आलेख म्हणतात. हा आलेख मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तयार झाला. त्याच्या जन्माला एक जिव्हारी लागणारा आक्षेप कारणीभूत ठरला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील तेथील महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यामुळे गणिताची गोडी घरातच लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणून. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन भौतिकशास्त्राची धुरा सांभाळत होते. या तरुणाची कुवत रामन यांनी ओळखली आणि त्याला आपल्या विभागात ओढून घेतले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची अंतर्रचना जाणून घेण्याचे शास्त्र रामचंद्रन यांनी येथे आत्मसात केले. पुढे १९४७ ते १९४९ ही दोन वर्षे त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काढली आणि पीएच.डी. मिळवून ते बंगळूरला परतले.

मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार हे तेव्हा भौतिकशास्त्र विभागासाठी प्रमुख शोधत होते. रामन यांनी आपल्या या शिष्याचे नाव सुचवले. १९५२ मध्ये, वयाच्या तिशीतच, रामचंद्रन विभागप्रमुख झाले. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेन या प्रथिनाची समाधानकारक रचना अद्याप कोणालाच सापडलेली नाही, हे त्यांच्या बोलण्यातून रामचंद्रन यांना कळले. विषय मिळाला.

कोलॅजेन हे आपल्या शरीरात विपुल प्रमाणात असणारे प्रथिन आहे. त्वचा, स्नायूबंध, हाडे यांना बळकटी येते ती त्याच्यामुळे. चामडे म्हणजेही मुख्यतः कोलॅजेनच. आणि केंद्रीय चर्म संशोधन संस्था मद्रासमध्येच होती. कांगारूच्या शेपटीतील स्नायूबंधाचे धागे मिळवून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी त्यांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. या प्रथिनातील दर तिसरा घटक ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. यावरून तीन साखळ्या शेजारी शेजारी राहून एकमेकींशी बांधल्या गेल्या असाव्यात आणि आतल्या अरुंद जागेत फक्त ग्लायसिनच मावत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५४ मध्ये तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात सुधारणा केली : या तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पीळ घेतात.

डीएनएच्या दुहेरी सर्पिलामुळे फ्रान्सिस क्रिक यांचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते. त्यांनी आणि अलेक्झांडर रिच यांनी त्याच वर्षी, १९५५ मध्ये, कोलॅजेनची आपली रचना मांडली. तिहेरी पिळाचा गाभा त्यांनाही मान्य होता. परंतु मद्रासच्या प्रतिकृतीत काही अणू एकमेकांच्या वाजवीपेक्षा जवळ येतात आणि दर तीन घटकांमागे दोन हायड्रोजन बंध बसणे शक्य नाही, एकच बसतो, असा त्यांचा आक्षेप होता. साधने तुटपुंजी, विभाग नवा आणि समोर केंब्रिजची प्रतिष्ठा. अशा वेळी माघार घेणे किंवा कडवट वाद घालत बसणे, दोन्ही सोपे होते.

रामचंद्रन यांनी तिसरा मार्ग धरला. दोन अणू फार जवळ आले असे म्हणायचे, तर किती जवळ म्हणजे फार जवळ, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. रासायनिक बंधाने न जोडलेले दोन अणू ठराविक अंतरापलीकडे एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. पण या अंतराचे प्रचलित आकडे कितपत खरे होते? अमिनो आम्लांच्या आणि लहान पेप्टाइडांच्या ज्या स्फटिकांची रचना तोवर निश्चित झाली होती, त्यांतील अशा जवळिकीची मोजमापे व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन या आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांनी तपासली. निसर्ग पुस्तकी मर्यादेपेक्षा थोडी अधिक जवळीक खपवून घेतो, असे दिसले. त्यावरून त्यांनी अंतरांच्या दोन मर्यादा ठरवल्या, एक नेहमीची आणि एक अगदी टोकाची. दोन कार्बन अणूंसाठी ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम, कार्बन व ऑक्सिजनसाठी २.८ आणि २.७. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.

पुढची पायरी कल्पकतेची होती. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. साखळीत गुंफल्यावर प्रत्येक आम्लाचा जो भाग उरतो, त्याला अवशेष म्हणतात. दोन अवशेषांना जोडणारा पेप्टाइड बंध ताठ आणि सपाट असतो, हे अमेरिकेचे लायनस पॉलिंग यांनी दाखवले होते. म्हणजे प्रत्येक अवशेषापाशी साखळीच्या कण्याला वळायला मुख्यतः दोनच जागा उरतात. त्या दोन वळणांचे कोन म्हणजे फाय आणि साय. शेजारच्या दोन अवशेषांना या कोनांतून थोडे थोडे फिरवत न्यायचे आणि प्रत्येक स्थितीत त्यांचे अणू एकमेकांना भिडतात का, ते पाहायचे. संगणक हाताशी नव्हता. हे सारे हिशेब मेजावरच्या गणकयंत्रांवर झाले.

निष्कर्ष थक्क करणारा होता. चौकोनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग निषिद्ध ठरला. उरलेल्या बेटांपैकी एकावर पॉलिंग यांचे अल्फा सर्पिल बसत होते, तर दुसऱ्यावर बीटा पत्रक आणि कोलॅजेन. ग्लायसिनला बाजूची शाखा नसल्याने त्याला मोकळीक अधिक मिळते, हेही स्पष्ट झाले. हा शोधनिबंध १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त आला. मायोग्लोबिन या एकाच प्रथिनाची रचना तेव्हा बारकाव्यांनिशी उलगडली होती. त्यानंतर १९६५ मध्ये लायसोझाइम आले, मग इतर अनेक. बहुतेक सगळ्यांचे बिंदू मद्रासने आखलेल्या बेटांवरच पडत गेले.

मुदलियार यांची कारकीर्द संपल्यावर रामचंद्रन यांचे मन मद्रासमध्ये रमेना. ते काही काळ शिकागो विद्यापीठात राहिले आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा स्वतंत्र विभाग उभारला. ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी क्ष-किरण प्रतिमांवरून वस्तूचे अंतरंग उभे करण्याची सुटसुटीत गणिती रीत मांडली. तशाच धर्तीची पद्धत पुढे अनेक वर्षे रुग्णालयांतील सीटी स्कॅन यंत्रांत वापरली गेली. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९९९ मध्ये स्फटिकशास्त्रातील मानाचे एवाल्ड पारितोषिक त्यांना मिळाले. तोवर पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले होते आणि पार्किन्सनच्या विकाराने शरीर थकले होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. नोबेल त्यांच्या वाट्याला आले नाही.

मूळ वादाचे काय झाले? कोलॅजेनसारख्या पेप्टाइडची स्फटिकरचना १९९४ मध्ये अमेरिकेत उलगडली, तेव्हा दर तीन घटकांमागे थेट हायड्रोजन बंध एकच असल्याचे आढळले. तेवढ्यापुरते क्रिक आणि रिच बरोबर होते. मात्र जवळ येणारे काही अणू दुर्बळ बंधाने बांधलेले असू शकतात, असे रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुचवले होते. कार्बनवरील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील असे बंध कोलॅजेनच्या तिहेरी पिळात असल्याचा स्फटिकशास्त्रीय पुरावा १९९६ मध्ये पुढे आला.

आज प्रथिनांच्या जागतिक माहितीपेढीत रचना दाखल होते, तेव्हा तिचे किती अवशेष रामचंद्रन यांच्या बेटांबाहेर पडतात हे तपासले जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांच्या घड्या वर्तवणाऱ्या संशोधकांना २०२४ मध्ये नोबेल मिळाले. त्या यंत्रांनी रेखाटलेल्या रचनाही याच कसोटीवर घासून पाहिल्या जातात. वाद एका प्रथिनाचा होता. त्याचे उत्तर शोधताना हाती आलेली मोजपट्टी सगळ्याच प्रथिनांना लागू पडली.