कीर्तनातून शाळा दाखवणारे भगवानबाबा

आमच्या बीड जिल्ह्यात कीर्तन अन् शाळा यांची सांगड घालणारे संत म्हणजे भगवानबाबा. जन्म १८९६ सालचा, पाटोदा तालुक्यातल्या सुपे सावरगावचा. मूळ नाव आबाजी, आडनाव सानप. लहानपणीच पंढरीची ओढ लागली. नारायणगडावर माणिकबाबांची सेवा केली. पुढं आळंदीत बंकटस्वामींच्या पायाशी बसून ज्ञानेश्वरी, गाथा शिकले.

परत येऊन बाबांनी गावोगाव सप्ते लावले, माळा घातल्या. मुलूख आपला कोरडवाहू. दिवाळी झाली की बिऱ्हाडासकट ऊसतोडीला जायचं, मग लेकराची शाळा मोडायची. म्हणून बाबा कीर्तनात शिक्षणावर कळकळीनं बोलत. एक वेळ जमीन विका, पण लेकरू शिकवा, हीच त्यांची शिकवण. धौम्यगडावर बाबांनी नवा गड उभारला. १९५८ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तोच आजचा भगवानगड. १९६५ साली बाबा वैकुंठवासी झाले.

हरिपाठ आधी कानानं पाठ होतो. पाठ झालेल्या ओळीवर बोट ठेवलं की अक्षर ओळखू येतं. आम्ही चौथीच शिकलो, पण पोथी वाचतो ती याच वाटेनं.

दिंडीला शंभर वर्षं झाली. माउलींनो, कोयत्याला जाताना लेकरू आजी-आजोबांजवळ ठेवा. दिवसा शाळा, सांजेला देवळात हरिपाठ. बाबांची सेवा ती हीच. रामकृष्ण हरी.