वालकूरचा गॅरेजवाला

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर २०१५ साली नव्या लोकल गाड्या आल्या आणि लोक त्यांना सरळ 'बम्बार्डियर' म्हणू लागले. डबे चेन्नईचे, पण आतली विजेची यंत्रणा बम्बार्डियर कंपनीची. आपल्या हॉस्टेलवरच्या विरार-बोरिवलीच्या मंडळींना हे नाव चांगलंच परिचयाचं. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, तो खेड्यातला गॅरेजवाला होता आणि त्याने आयुष्यात रेल्वेचा एक डबाही बनवला नाही, असं सांगितलं तर कँटीनमधले निम्मे लोक माझ्याशी पैज लावतील!

मला तो भेटला वेगळ्याच वाटेने. आमच्या टीमच्या ऑल-टेरेन गाडीच्या सस्पेन्शन आर्म्सना रंग द्यायचा होता आणि पावडर कोटिंगचं बजेट नव्हतं. घरच्या घरी, स्वस्तात आणि तरी टिकेल असा रंग कोण देतं, याची चौकशी करता करता मी पोचलो थेट कॅनडात. तिथे बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी असते, स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या आत चाकं, स्प्रिंगा, आर्म्स असं सगळं सस्पेन्शन. थंडीभर ते बर्फाच्या पाण्यात भिजतं, दगड खातं आणि ट्रेलरवरून नेताना रस्त्यावर टाकलेलं मीठही अंगावर घेतं. उन्हाळा आला की मालक ते काढतात, घासतात आणि घरीच रंगवतात. ही गाडी ज्याच्यामुळे आली तो जोसेफ-अर्मां बम्बार्डियर. (पुढे सगळीकडे मी त्याचा एकेरी उल्लेख केलाय, पण तो आपण सचिनचा करतो तसा!)

अर्मांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, वालकूर गावाजवळचा. घर फ्रेंच बोलणारं, भावंडांत हा थोरला. लहानपणापासून याचा उद्योग एकच, जुन्या घड्याळांची यंत्रं काढायची आणि त्यावर चालणारी खेळणी बनवायची. पोराने घरातल्या चालू वस्तूंना हात लावू नये म्हणून वडिलांनी त्याला मोडीत निघालेल्या फोर्ड मॉडेल-टीचं इंजिन देऊन टाकलं. आपल्याकडे वडील दुसरं काही देऊन गप्प बसवतात, असो. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, पंधरा वर्षांचा अर्मां आणि त्याचा भाऊ लेओपोल्द एक घसरगाडी घेऊन गावात अवतरले. मागे ते इंजिन आणि त्यावर उघडा फिरणारा लाकडी पंखा, विमानासारखा! पुढे बसून लेओपोल्द दिशा सांभाळत होता, मागे अर्मां इंजिन. गाडी बर्फावरून खरंच धावली. वडिलांनी तो पंखा पाहिला आणि ताबडतोब सगळं सुटं करायला लावलं. वडिलांचं काही चुकलं नाही. त्या पंख्यात कुणाचा हात गेला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

घरच्यांना वाटत होतं पोराने धर्मगुरू व्हावं. त्याला शेरब्रूक शहरातल्या धार्मिक शाळेत घातलं. १९२४ साली वडिलांची समजूत काढून तो तिथून बाहेर पडला आणि एका गॅरेजमध्ये उमेदवारी करायला लागला. मग माँट्रियल. दिवसा हात काळे करायचे, रात्री मेकॅनिक्सचा आणि इलेक्ट्रिकलचा अभ्यास करायचा. तांत्रिक मासिकं इंग्रजीत, म्हणून इंग्रजीही शिकला. इंजिनिअरिंगची डिग्री त्याने कधीच घेतली नाही. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने वालकूरला स्वतःचं गॅरेज उघडलं. वडिलांकडून घेतलेले पैसे तीन वर्षांत फेडले. म्हणजे आपण जेव्हा सेकंड इयरच्या एटीकेटीच्या काळजीत असतो तेव्हा हा मालक झाला होता. १९२९ साली त्याचं इव्हॉन लाब्रेकशी लग्न झालं.

आता त्या भागातला हिवाळा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांतल्या रस्त्यांवरचा बर्फ कुणी उपसत नसे. बर्फ पडायला लागला की लोक मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायचे, त्या थेट वसंतात खाली उतरायच्या. मधले महिने घोड्याची घसरगाडी हाच आधार. गॅरेजवाल्याला हिवाळ्यात गिऱ्हाईक नाही, म्हणजे वेळच वेळ. तो वेळ अर्मांने बर्फगाडीच्या प्रयोगांत घातला. पुढे स्की, मागे वेगवेगळ्या प्रकारचे पट्टे. गाडी जड झाली की रुतायची, हलकी केली की मोडायची. अशी वर्षामागून वर्षं गेली.

१९३४ चा हिवाळा. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्सचा त्रास, तो पोटभर पसरलेला. हॉस्पिटल शेरब्रूकला, जवळजवळ ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली. गॅरेजमध्ये बर्फगाडी होती, पण ती अजून तयार झालेली नव्हती. मुलगा वाचला नाही.

ही गोष्ट बऱ्याच वेळा अशी सांगतात की मूल गेलं आणि म्हणून त्या बापाने स्नोमोबाईल शोधली. सिनेमाला हे छान दिसतं. पण मी तारखा लावून बघितल्या आणि मला ते तसं वाटेना. तो बारा वर्षं आधीपासून या कामाला लागलेला होता. अमुक एक गोष्ट हवी हे त्याला माहीत होतं, ती कुठल्या दिशेने मिळेल हेही बरंचसं कळलं होतं, आणि जेव्हा सगळ्यात जास्त गरज पडली तेव्हा ती तयार नव्हती. मला हे त्या सिनेमाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी कठीण वाटतं. आणि त्यानंतरही तो गॅरेजमध्ये परत गेला, हे त्याहून कठीण.

पुढच्या एक-दोन वर्षांत त्याला उत्तर सापडलं. अप्लाइड मेकॅनिक्सचा तास आठवा. समजा गाडीचं वजन १००० किलो आहे आणि चार टायर मिळून जमिनीला ८०० चौरस सेंटिमीटर टेकलेत. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलो. ताज्या बर्फाला हे सोसत नाही. त्याच गाडीला ४० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर टेकणारे दोन पट्टे लावा. क्षेत्रफळ १२००० झालं, भार पंधरा पटीने उतरला. इथपर्यंत कुणीही येतं. खरी पंचाईत पुढे आहे. पट्टा फिरवायचा कसा? लोखंडी दातेरी चाक लावलं तर दात्यांत बर्फ गच्च बसतो आणि पट्टा निसटतो. आणि जमीन खालीवर असताना पट्टा सगळीकडे टेकलेला ठेवायचा कसा? अर्मांने लाकडाचं दातेरी चाक केलं आणि त्याला रबराचं आवरण घातलं. ते चाक अडकायचं दोन रबरी पट्ट्यांना जोडणाऱ्या पोलादी आडव्या पट्ट्यांमध्ये. रबरावर बर्फ तितका चिकटत नाही. आणि आतल्या चाकांना असं सस्पेन्शन दिलं की पट्टा जमिनीचा चढ-उतार धरून चालेल. २९ जून १९३७ ला त्याला याचं पेटंट मिळालं.

त्यावर बसली बी-७ नावाची गाडी, सात माणसांची. मग १९४२ च्या सुमारास बी-१२, बारा माणसांची, प्लायवुडच्या बॉडीची आणि जहाजासारख्या गोल खिडक्यांची. शाळेच्या मुलांसाठी आणखी मोठी सी-१८. गिऱ्हाइकं कोण? डॉक्टर, अँब्युलन्सवाले, टपालवाले, धर्मगुरू. ज्या रस्त्याने एकदा डॉक्टरकडे जाता आलं नव्हतं, तसल्याच रस्त्यांवरून आता डॉक्टर पेशंटकडे जायला लागले. १० जुलै १९४२ ला त्याने रीतसर कंपनी काढली. युद्धाच्या काळात सैन्यासाठीही पट्ट्यांच्या गाड्या केल्या.

आणि मग सगळं सुरळीत झालं? नाही. १९४८-४९ च्या हिवाळ्यात क्वेबेक सरकारने खेड्यापाड्यांतले रस्तेही बर्फ काढून मोकळे ठेवायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, पण मोठ्या बर्फगाड्यांची विक्री धाडकन खाली आली. अर्मांने तेच पट्ट्याचं ज्ञान दलदलीकडे वळवलं. १९५३ मध्ये त्याचा 'मस्केग' ट्रॅक्टर आला, चिखलात, जंगलात, तेल शोधणाऱ्यांच्या कामात चालणारा. कंपनी तगली.

एका माणसासाठी छोटी बर्फगाडी करायचं मात्र डोक्यातून गेलं नव्हतं. हलकं आणि भरवशाचं इंजिन मिळेपर्यंत थांबावं लागलं. त्याच्या मोठ्या मुलाने, जेर्मेनने, बिनजोडाचा एकसंध रबरी पट्टा तयार केला. १९५९ साली 'स्की-डू' बाजारात आली. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणार म्हणून नाव 'स्की-डॉग' ठरलं होतं, छपाईत 'डू' झालं आणि तेच राहिलं असं सांगतात. पहिल्या गाड्यांपैकी एक त्याने उत्तर ओंटारिओत काम करणाऱ्या त्याच्या मिशनरी मित्राला, फादर मॉरिस विमे यांना दिली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या, चार-पाच वर्षांत आकडा हजारांत गेला. तेवढंच त्याने पाहिलं. १८ फेब्रुवारी १९६४ ला कॅन्सरने तो गेला. वय ५६.

पुढे कंपनी वाढली. १९७४ साली तिला माँट्रियल मेट्रोच्या डब्यांचं काम मिळालं आणि तिथून ती रेल्वेत शिरली. २००३ मध्ये स्की-डूचा विभाग विकला गेला आणि त्याची वेगळी कंपनी झाली, २०२१ मध्ये रेल्वेचा विभाग आल्स्टॉमने घेतला. वालकूरला त्याच्या नावाचं म्युझियम आहे आणि १९२६ चं ते छोटं गॅरेज तिथे जपून ठेवलंय.

पण मला विचाराल तर त्याचं खरं स्मारक आहे उन्हाळ्यातली घरची गॅरेजं, जिथे लोक आपली जुनी गाडी हिवाळ्यासाठी तयार करतात. रंगाची पद्धत आपल्यालाही उपयोगी आहे म्हणून सांगतो. आधी सस्पेन्शन पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. ग्रीस काढायला रॉकेल चालतं, पण त्याचा तेलकट थर राहतो, म्हणून नंतर साबणाचं पाणी. गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढायचा, मग १८०, मग ३२० नंबर. शेवटी थिनरचं फडकं फिरवायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने पार्ट धरायचा नाही. बेअरिंगच्या जागा, बुश, आटे, शॉकचा चकचकीत दांडा, हे सगळं मास्किंग टेपने झाकायचं. बोल्टखाली जाड रंग राहिला तर तो दाबला जातो आणि बोल्ट ढिला पडतो. लोखंडाला साधा मेटल प्रायमर, ॲल्युमिनियमला मात्र एच प्रायमर, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. स्प्रेचा डबा साधारण २५-३० सेंटिमीटरवर धरायचा, एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्यायचे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मोकळ्या हवेत, नाकाला मास्क लावून. आणि हाताला कोरडा लागला म्हणून लगेच जोडायचा नाही, काही दिवस तसाच कडक होऊ द्यायचा. पावडर कोटिंग जास्त कणखर हे खरं, पण दगडाने टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि गंज थराखालून पसरतो. डब्यातल्या रंगावर पाच मिनिटांत टचअप करता येतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी रंगाची नाहीच. पार्ट घासून स्वच्छ झाला की वेल्डजवळचा केसाएवढा तडा दिसतो. तो चिखलाखाली दिसला नसता, आणि तसाच रंग मारला असता तर आणखी झाकला गेला असता. म्हणून जाणकार लोक प्रायमरआधी प्रत्येक जोड उजेडात फिरवून बघतात. तडा गेलेला आर्म जानेवारीत, वस्तीपासून वीस किलोमीटरवर मोडला, तर रंग कितीही छान असो, माणूस बर्फात अडकतो.

आपल्या सबमिशनच्या जगात काम शेवटच्या रात्री करायची पद्धत आहे आणि बहुतेक वेळा ते खपूनही जातं. अर्मांच्या गावात खपत नव्हतं. तिथे बर्फ पडायच्या आत गाडी तयार असायला लागायची. ज्याला हे सगळ्यात महाग पडलं, त्याने उरलेलं आयुष्य इतरांच्या दारात तयार गाडी उभी करण्यात घालवलं.