तलाव बांधला, गाव वसवलं अन् लोकांनी त्यांना देव केलं : नवेगाव बांधच्या कोलू पाटील कोहळींची गोष्ट

नवेगाव बांध म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? जंगल, वाघ, हिवाळ्यात येणारे पक्षी आणि मधोमध पसरलेला भलामोठा तलाव. सुट्टीला जाऊन तिथे फोटो काढलेले अनेक जण हा तलाव निसर्गाने दिलेला आहे असंच समजून परत येतात.

पण हा तलाव माणसांनी बांधलाय. तोही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. ना सिमेंट, ना जेसीबी, ना सरकारी टेंडर. आणि बांधणाऱ्याचं नाव आजही गावात घेतलं जातं, ते म्हणजे कोलू पाटील कोहळी.

हा माणूस समजून घ्यायचा तर आधी तो ज्या काळात जगला तो काळ समजून घ्यावा लागतो.

तेव्हा पूर्व विदर्भावर गोंड राजांची सत्ता होती. एकीकडे चांद्याचं राज्य, दुसरीकडे देवगडचं. या राजांकडे जमीन भरपूर होती, पण ती कसायला माणसं नव्हती. मैलोनमैल जंगल, मध्येच एखादी वस्ती. शेती नाही म्हणजे सारा नाही आणि सारा नाही म्हणजे राज्य चालत नाही.

आता यावर उपाय काय? तर बाहेरून माणसं आणायची.

देवगडच्या बख्त बुलंद शाहने हेच केलं. त्याने निरनिराळ्या जातीच्या कष्टाळू लोकांना आपल्या राज्यात बोलावलं आणि १७०२ च्या सुमारास बारा वाड्या-वस्त्या एकत्र करून नागपूर शहर वसवलं. चांद्याच्या गोंड राजांबद्दल अशी आख्यायिका सांगतात की, एक राजा काशीयात्रेला गेला असताना तिथल्या लोकांचं तलाव बांधायचं कसब बघून खूश झाला आणि त्यांना आपल्या मुलखात घेऊन आला. हेच लोक म्हणजे कोहळी.

राजाने त्यांच्यासमोर ठेवलेला सौदा सरळ होता. जंगल साफ करा, तलाव बांधा आणि त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी तुम्ही घ्या.

आज कॅनडासारखे देश बाहेरच्या माणसांना बोलावतात तेव्हा त्यांचं शिक्षण बघतात, हातातलं कौशल्य बघतात. गोंड राजांनी कोहळ्यांचं एकच कौशल्य बघितलं, ते म्हणजे पाणी अडवता येतं का.

या कोहळ्यांपैकी सगळ्यात मोठं काम ज्यांच्या नावावर आहे ते कोलू पाटील.

नवेगावच्या भोवती डोंगरांची रांग आहे. पावसाळ्यात या डोंगरांवरून येणारं पाणी मधल्या सखल भागातून वाहून जायचं. सगळीकडून भिंत बांधायची गरजच नव्हती. डोंगर होतेच, फक्त त्यांच्यामधल्या खिंडी बुजवल्या की काम झालं. कोलू पाटलांनी नेमक्या याच खिंडींमध्ये मातीची पाळ घातली. बाकीचं काम डोंगरांनी केलं.

यातून जो तलाव तयार झाला त्याचा विस्तार आहे सुमारे ११ चौरस किलोमीटर. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्याचा घेर तब्बल १७ मैल दिलेला आहे.

पण नुसतं पाणी अडवणं म्हणजे तलाव नव्हे. कोहळ्यांच्या तलावाची एक पद्धत ठरलेली असते. पाणी अडवते ती पाळ. शेताला पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. तलाव भरला की जादा पाणी पाळ न फोडता बाहेर जावं म्हणून ठेवलेली वाट म्हणजे सलांग. पाणी शेतापर्यंत नेतो तो पाट आणि कोणाच्या बांधीला कधी पाणी द्यायचं हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर. यातली एक गोष्ट बिघडली तरी सगळं बिघडतं. विशेषतः सलांग चुकली तर एका रात्रीत पाळ वाहून जाते आणि खालचं गावही.

पाणी आलं तसा धान आला, ऊस आला. धान आला तशी माणसं आली. गावाच्या नावातच ही सगळी गोष्ट आहे बघा. नवं गाव, आणि तेही बांधाचं.

आता येतो महत्त्वाचा मुद्दा. नाव कोलू पाटलांचं झालं, पण माती काय एकट्याने वाहिली नव्हती. एवढी मोठी पाळ उभी राहिली ती शेकडो हातांनी. त्यात या मुलखात आधीपासून राहणारे गोंड होते, कष्टकरी जातींची माणसं होती. तलाव झाल्यावर त्यातले मासे आणि शिंगाडे यावर ढिवर समाजाचं पोट चालायला लागलं. म्हणजे पाणी एकच, पण कोणाला त्यातून जमीन मिळाली, कोणाला मासळी मिळाली आणि कोणाला फक्त मजुरी.

हे सगळं लोकांनी कसं लक्षात ठेवलं? तर कथेतून.

तलावाभोवतीच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. या सात देवींनी कोलू पाटलांना तलाव पुरा करायला मदत केली अशी श्रद्धा आहे. आणि खुद्द कोलू पाटील झाले कोलासूर देव. तलावाशेजारच्या एका शिखरावर त्यांचं ठाणं आहे. एखादा राजा देव होतो, संत देव होतो. इथे तलाव बांधणारा पाटील देव झाला.

पण देव झालेल्या माणसाच्या कामाचं पुढे काय झालं, तेही बघायला पाहिजे.

गोंडांची सत्ता गेली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नागपूरकर भोसले आले. त्यांच्यानंतर इंग्रज आले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या पाटलांना मालगुजार म्हणून जमिनीची मालकी दिली. त्यामुळे तलाव मालगुजाराचा झाला. पाणी वाटायचं तो, पाळ दुरुस्त करून घ्यायचं तो आणि त्यासाठी गावकऱ्यांना राबवायचं तेही तोच. पद्धत अन्यायाची होती, पण दरवर्षी तलावाची निगा मात्र राखली जायची.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच आपले मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, छोटे जिल्हा परिषदेकडे. मालगुजाराचा जाच संपला हे चांगलंच झालं, पण त्याच्यासोबत गावाचा तलावावरचा हातही सुटला. अनेक तलावांत गाळ साचला, काठावर अतिक्रमणं झाली, बेशरमची झुडपं माजली आणि देशी मासे कमी होत गेले.

नवेगावचा तलाव मात्र टिकला. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मारुती चितमपल्लींच्या लिखाणामुळे हा परिसर महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचला.

माणसांचं येणंही थांबलं नाही. नवेगाव ज्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. बंगाली निर्वासितांच्या वस्त्याही याच तालुक्यात आहेत. म्हणजे बाहेरून आलेल्यांना जागा देणं हे या भागाला काही नवीन नाही. फरक इतकाच की कोहळी आले तेव्हा राज्यकर्त्यांनी माणसांसोबत पाण्याचाही विचार केला होता.

आज आपल्या शहरांकडे बघा. आधी माणसं येतात, मग इमारती होतात आणि उन्हाळा आला की टँकर शोधायला लागतात. तलाव बुजवून प्लॉट पाडल्याची उदाहरणं तर प्रत्येकाला आपापल्या गावात सापडतील.

कोलू पाटलांनी क्रम उलटा ठेवला होता. आधी पाणी, मग गाव. त्यांच्या कामाला आता तीनशे वर्षं होत आली आणि त्यांची पाळ अजून पाणी धरून आहे.

पुढच्या वेळी नवेगाव बांधला गेलात तर वाघ दिसेल न दिसेल, पण पाळेवर जरा वेळ उभे राहा. तिथली एकेक टोपली माती कोणीतरी डोक्यावरून वाहून आणलेली आहे.